पोकळ झाड, उंबर आणि धनेश

कोकणात झाडाची किंमत घनफुटावर ठरते. ज्या रायवळ आंब्याच्या खोडात ढोली आहे, ज्या बेहड्याचा गाभा कुजून गेला आहे, त्याला व्यापारी किंमत लावत नाही. उक्त्यात तोड घेतली असेल तर ते झाड नुसतं पदरात पाडून घेतो. फळ्या निघत नाहीत, म्हणून जळाऊ. धनेश पक्ष्याला (हॉर्नबिलला) नेमकं तेच झाड लागतं. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात धनेश वाचवायचा तर पहिलं काम एकच आहे. गावातली अशी मोजकी पोकळ झाडं आणि आजूबाजूचे वड-उंबर पुढची तीसेक वर्षं उभे राहतील याची तजवीज करायची. रोपं, लाकडी घरटी, फलक, शाळेतले कार्यक्रम हे सगळं त्याच्या मागून. प्रत्यक्षात क्रम बरोबर उलटा लागतो, कारण फलक लावायला सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या लागत नाहीत.

पश्चिम घाटात धनेशाच्या चार जाती आहेत. महाधनेश सगळ्यात मोठा. तो उडताना पंखांचा फसफस आवाज झाडावरून जाताना खाली स्पष्ट ऐकू येतो. मलबारी कवड्या धनेश काळा-पांढरा, पिवळसर चोचीवर काळा डाग असलेलं मोठं शिंग. रायगडापासून खाली गोव्यापर्यंतच्या कोकणात लोक सहसा याच्याबद्दल बोलत असतात. मलबारी राखी धनेशाला शिंग नसतं आणि त्याचा आवाज कोणीतरी घोगरं हसल्यासारखा. चौथा साधा राखी धनेश पुण्या-नागपुरातल्या जुन्या बागांमध्येही दिसतो, त्याची फारशी काळजी नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत महाधनेश 2018 पासून आणि मलबारी राखी 2020 पासून 'असुरक्षित' गटात आहे. कवड्या धनेश त्याच्या एक पायरी अलीकडे. गावात चौकशी करताना 'धनेश' म्हणून विचारलंत तर लोक मान हलवतील. गरुड, माडगरुड, ककणेर असं विचारा, मग कोणत्या वळणावर, कोणाच्या परड्यात, सगळं कळेल.

सगळी अडचण त्याच्या विणीच्या पद्धतीत आहे. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी तुटून कुजलेली जागा, सुतार पक्ष्याने पाडलेलं भोक पुढे सडून मोठं झालेलं, अशीच आयती ढोली त्याला लागते. आत मादी बसून वळू शकेल एवढी पोकळी व्हायला खोड चांगलं जाड हवं, आणि तेवढं जाड व्हायला झाडाला कित्येक दशकं लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर, काही जातींमध्ये नराने आणलेली माती यांनी तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी ठेवते. आत गेल्यावर ती उडण्याची पिसं गाळते. म्हणजे पुढचे काही आठवडे तिला उडताच येत नाही. महाधनेशाची मादी तीन ते चार महिन्यांपर्यंत आत असते. ती पिल्लाच्या आधी बाहेर येते आणि पिल्लू आतून फट पुन्हा लिंपून घेतं. कवड्या आणि मलबारी राखी यांच्यात मादी आणि पिल्लं साधारण एकदमच बाहेर पडतात. या सगळ्या काळात अन्न आणणारा एकटा नर. तो मेला, किंवा घाबरून यायचा थांबला, तर बहुतेक वेळा आतलं सगळं कुटुंब जातं. छर्ऱ्याच्या बंदुकीने एक नर टिपला की हिशेब एका पक्ष्याचा राहत नाही.

आणि जंगलाला त्याची गरज का? रानजायफळ, धूप, भेरली माड, काजरा, रानबिब्बा यांची फळं किंवा बिया मोठ्या असतात. बुलबुल, तांबट यांच्या घशातून त्या उतरत नाहीत. मोठी रानकबुतरं काही गिळतात, माकडं आणि उदमांजरं काही नेतात, पण फळ आख्खं गिळून, बी शाबूत ठेवून, ते काही किलोमीटर दूर नेऊन टाकणारे फार थोडे आहेत. धनेश मोठी बी बहुधा ओकून टाकतो, उंबर-वडाच्या बारीक बिया विष्ठेतून जातात. गर निघून गेलेली बी लवकर रुजते आणि आईच्या झाडाखालच्या किड्या-उंदरांपासून लांब पडते. घरट्याच्या झाडाखाली पडणाऱ्या बियांचा मात्र फार उपयोग नाही. तिथे रोपांची दाटी होते आणि बहुतेक मरतात. जंगल पसरतं ते नर खाण्याच्या झाडावरून घरट्याकडे जाताना मध्ये जिथे जिथे टेकतो तिथे, आणि विणीबाहेरच्या महिन्यांत थवे लांब लांब हिंडतात तेव्हा. म्हणून दोन राईंच्या मधल्या उघड्या सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, एखादं उंच किंजळाचं झाडही कामाचं असतं, त्यावर ढोली असो वा नसो.

उंबरवर्गातली झाडं या सगळ्याचा कणा. वड, पिंपळ, नांद्रूक, पायर, उंबर यांचं फळणं एका हंगामाला बांधलेलं नसतं. एक झाड पिकलेलं असतं तेव्हा शेजारचं हिरवं असतं. बाकी रान फळाला कोरडं असतं त्या दिवसांत नर यांच्यावरच पिल्लं काढतो. आणि तोडीत सगळ्यात आधी हीच जातात, कारण लाकडाला भाव नाही, सावलीखाली काजू होत नाही आणि परवानगीच्या यादीत नाव नाही.

हंगाम गेल्यावर ढोल्या मोजू नका

ढोल्या शोधायचे दिवस जानेवारीच्या मध्यापासून मार्च अखेरपर्यंत. जानेवारीत जोडी एकाच भागात घुटमळते, ढोलीत डोकावते, नर मादीला फळं भरवतो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर एकटे पक्षी दिसू लागले की समजायचं, मादी आत गेली. महाधनेशात ओळख सोपी: नराचा डोळा लाल, मादीचा पांढरट. सलग चार दिवस लाल डोळ्याचाच पक्षी एका दिशेने जाताना दिसला तर त्या दिशेला घरटं आहे असं धरून चालायला हरकत नाही.

नराचा पाठलाग करू नये, तो फसवतो. तो ढोलीजवळच्या झाडावर थांबतो, इकडेतिकडे बघतो, माणूस दिसला तर तसाच दुसरीकडे निघून जातो. उंचावर, सड्याच्या कडेला बसून नुसती दिशा नोंदवायची. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या दिशा नकाशावर जिथे छेदतात तिथे दुसऱ्या दिवशी जायचं आणि वर न बघता आधी खाली बघायचं. ज्या खोडाच्या एका बाजूला विष्ठेचा ओघळ आहे, खाली काजऱ्याच्या चपट्या बिया, जायफळाच्या बिया, अर्धवट फळं, किड्यांचे पंख आणि एखाद-दुसरं मोठं पीस आहे, ते झाड. ताज्या बिया ओलसर आणि चकचकीत दिसतात. सगळं सुकलेलं, बुरशी आलेलं असेल तर ते गेल्या वर्षीचं. जुन्या ढोल्यांखाली एकाच जातीच्या कोवळ्या रोपांचं दाट बेट असतं, तीही एक खूण.

नोंदीत एवढं असावं: झाडाची जात, छातीच्या उंचीवर (1.3 मीटर) घेर, ढोलीची जमिनीपासून उंची, तोंडाची दिशा, बुंधा पोकळ आहे का, आगीचे जुने डाग, गट नंबर आणि मालकाचं नाव. गट नंबर सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच राहून जातो. अक्षांश-रेखांश फोनमध्ये घ्या, पण समाजमाध्यमावर टाकू नका आणि टाकणाऱ्याला फोटो देऊ नका. घरट्यावरून 50 मीटरच्या आत बसायचं नाही, फ्लॅश नाही, ड्रोन तर नाहीच. छायाचित्रकारांची टोळी सकाळभर झाडाखाली बसली की नर फेऱ्या कमी करतो. वरच्या मादीला उपाशी राहण्याशिवाय पर्याय नसतो, कारण तिला उडताच येत नाही. फोटो काढायचे तर पिकलेल्या वडाखाली बसा. पक्षी जास्त, उजेड बरा, नुकसान शून्य.

सातबारा आणि गणपती

या दोन जिल्ह्यांतलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. अभयारण्याच्या हद्दी आखून इथे फार काही साधत नाही. तिलारीला 2020 मध्ये 29.53 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, ते चांगलंच झालं. पण लांजा, राजापूर, संगमेश्वर, देवगड इथला धनेश कोणाच्या तरी वहिवाटीच्या झाडावर घर करतो. आणि त्या सातबाऱ्यावर आठ-दहा, कधी तीसेक नावं असतात, निम्मी मुंबईत. गावातला एक भाऊ झाड राखायला तयार असतो, पण मुलीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून दुसरा अख्ख्या डोंगराची तोड देतो. व्यवहार डोंगराचा होतो, झाड त्यात मोजलंच जात नाही.

म्हणून मालकांशी बोलायची वेळ गौरी-गणपती. सगळे हिस्सेदार गावात, घरात, एका ओटीवर. तोडीचा हंगाम दसऱ्यानंतर उघडतो, सौदे त्याच्या जरा आधी ठरतात. मार्चमध्ये करवतीचा आवाज ऐकून धावलात तर उशीर झालेला असतो, आणि तेव्हा मादी आत असते. गणपतीत राहिलं तर शिमगा ही दुसरी संधी, पण तोवर अर्धे डोंगर गेलेले असतात.

बोलताना अख्खं रान राखा असं म्हणू नये. कोणी राखत नाही आणि पुढचं ऐकूनही घेत नाही. मागणी छोटी आणि मोजकी असावी: हे ढोलीचं झाड, त्याच्या भोवतालची 20-25 मीटरची झाडी, आणि डोंगरावरचे हे चार वड-उंबर वगळून बाकीचा सौदा करा. मधल्या झाडीचं महत्त्व समजावून सांगावं लागतं. एकटं झाड उघड्यावर ठेवलं तर पहिल्याच वादळात मोडतं, कारण त्याच्या मुळांना आणि फांद्यांना वाऱ्याची सवय नसते, शेजारची झाडं तो वारा झेलत आलेली असतात. पोकळ खोडाचं तर विचारूच नका. 3 जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते, दोन्ही वादळं नेमकी पिल्लं ढोलीत असण्याच्या किंवा नुकती बाहेर पडण्याच्या दिवसांत आली. दाट राईतलं झाड आणि सड्यावर एकटं उरलेलं झाड यांत अशा वेळी कोण टिकतं ते वेगळं सांगायला नको.

त्या झाडाच्या लाकडाचा मोबदला द्यायचा असेल तर तो एकरकमी नको, वर्षाला द्यावा, आणि पिल्लू बाहेर पडल्यावर द्यावा. एकरकमी पैसे घेतलेला हिस्सेदार मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी दुसरा उभा राहतो. अरुणाचलातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला न्यिशी आदिवासींच्या गावांबरोबर 2011 च्या सुमारास सुरू झालेली घरटं दत्तक योजना याच धाटणीची आहे. शहरातले लोक पैसे देतात, गावातले राखणदार घरट्यांवर नजर ठेवतात, आणि पूर्वी शिकार करणारेच आता राखण करतात. केरळात वाझाचलला कादर आदिवासी हेच काम करतात. जवळचं उदाहरण दांडेलीचं: काळी नदीकाठचं 2011 मध्ये जाहीर झालेलं, 52.50 चौरस किलोमीटरचं धनेश संवर्धन राखीव क्षेत्र. पण ती जमीन बहुतांशी वनखात्याची. आपल्याकडे ती नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. आपल्याला पक्केच्या जवळचं काहीतरी, तेही सातबाऱ्यावर बसणारं लागेल.

मालकाच्या हाती कागदही द्यावा. त्यात गट नंबर, झाडांची संख्या, मोबदला, कालावधी आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या. एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे लोक जैवविविधता नोंदवहीत त्या झाडांची नोंद करून घेता येते. दुसरी प्रत वनक्षेत्रपालांकडे, सप्टेंबर अखेरीच्या आत. महाराष्ट्रात 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याखाली आंबा, फणस, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ अशा अनुसूचीतल्या झाडांना परवानगी लागते आणि अर्ज आला की पाहणी होते. पाहणीला जाणाऱ्या वनरक्षकाच्या खिशात ढोल्यांची यादी असली तर ती झाडं वगळता येतात. यादी नसेल तर तो तरी काय करणार.

ज्या झाडांना या कायद्याखाली परवानगी लागत नाही त्यांच्यासाठी दुसरा आधार आहे, तो फारच थोड्या लोकांना ठाऊक असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करणं, त्यांत व्यत्यय आणणं धरलेलं आहे. महाधनेश आणि कवड्या धनेश पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे मादी आत असताना झाड पाडणं हा गुन्हा आहे, जमीन कोणाचीही असो, झाड कोणतंही असो. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान 25,000 रुपये. हे व्यापाऱ्याला आधीच, शांतपणे, चारचौघांत सांगितलेलं बरं. धमकी म्हणून सांगितलं तर तो रात्री करवत चालवतो. तोड चालू असताना कळलं तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक लावा, गट नंबर सांगा आणि करवत चालल्याचा नुसता लांबून व्हिडिओ घ्या. तोडणाऱ्या मजुरांशी भांडू नका. ते रोजावर आलेले असतात.

आग

झाड राखलं आणि वणव्यात गेलं, हे तोडीइतकंच वारंवार घडतं. फेब्रुवारी ते एप्रिल सड्यावरचं गवत पेटतं किंवा पेटवलं जातं. निरोगी झाडाला या आगीने फारसं होत नाही, साल होरपळते. पण बुंध्याशी पोकळी असलेल्या झाडात आग आत शिरते, वरच्या ढोलीला दुसरं तोंड असेल तर धुराड्यासारखी हवेची ओढ बसते आणि झाड दोन-तीन दिवस आतून धुमसत राहतं. बाहेरून आग विझलेली दिसते. चौथ्या दिवशी झाड कोसळतं.

उपाय स्वस्त आहे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, मादी शिरण्याच्या आधी, बुंध्याभोवती तीन मीटरपर्यंतचा पालापाचोळा ओढून काढायचा आणि त्याबाहेर एक मीटर रुंदीची जाळरेषा जमिनीपर्यंत साफ करायची. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. पाला पुन्हा पडतो, म्हणून मार्चमध्ये एकदा फेरी मारावी लागते, ती गडबड न करता, दहा मिनिटांत. बुंध्याची पोकळी ओल्या मातीने आणि दगडांनी बुजवली तर चालते. सिमेंट घालू नका. सिमेंट आणि लाकूड यांच्यात पावसाचं पाणी अडकतं, कूज वाढते, आणि वाऱ्यात खोड हललं की कठीण सिमेंट आतून लाकूड फोडतं. आग शिरलीच असेल तर वरून पाणी ओतून भागत नाही. बुंध्याच्या भोकातून ओली माती आत ठासायची आणि वरचं तोंड ओल्या गोणपाटाने बंद करायचं. हवा तुटली की धुमसणं थांबतं. मादी आत असेल तर मात्र वरचं तोंड बंद करू नये, फक्त खालून माती.

ढोलीची डागडुजी आणि लाकडी घरटी

चांगली ढोली अचानक रिकामी राहिली की लोक म्हणतात पक्षी सोडून गेला. बऱ्याचदा कारण ढोलीतच असतं. एक तर आतला तळ कुजून खाली खचतो. मादी बसली की तिची चोच फटीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे लिंपणंही जमत नाही आणि नराकडून फळ घेणंही. दुसरं, झाड जिवंत असल्याने जखमेच्या कडा वाढतात आणि तोंड हळूहळू बंद होत जातं. थायलंडमध्ये धनेशाच्या अभ्यासक पिलाई पूनस्वाद यांनी 1978 मध्ये सुरू केलेल्या कामात या दोन्ही दुरुस्त्या वर्षानुवर्षं केल्या गेल्या आहेत. तळ खचला असेल तर कोरडी माती आणि लाकडाचा भुगा मिसळून भर घालायची, तोंडाच्या खालच्या कडेपासून साधारण 10-15 सेंटीमीटर खोल राहील इतकीच. जास्त भरलीत तर अंड्यांवर आणि पिल्लांवर उजेड आणि घोरपडीची जीभ दोन्ही पोचतात. तोंड बंद होत असेल तर पटाशीने कडेची वाढ तासायची, तीही आधीच्या रुंदीपर्यंतच. वरच्या बाजूला पोकळी असेल तर ती तशीच राहू द्या, धोका वाटला की मादी तिकडे सरकते. हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वनखात्याची लेखी परवानगी घेऊन, दोरावर चढणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच. कुजलेल्या खोडाला शिडी लावणं म्हणजे हाडं मोडून घेणं.

लाकडी घरटी टांगण्याची हौस बऱ्याच गावांत आहे. उपयोग होतो, पण जिथे खाणं भरपूर आणि मोठ्या ढोल्या कमी आहेत तिथेच. जिथे वडच नाही तिथे घरटं टांगून काय होणार? कवड्या धनेशासाठी आतली जागा साधारण 40 गुणिले 40 सेंटीमीटर आणि उंची 80 च्या आसपास, तोंड 10-12 रुंद आणि 15-18 उंच, खालची कड तळापासून 12-15 वर. भिंत तीन सेंटीमीटरपेक्षा पातळ नको. पातळ प्लायवूड एप्रिलच्या उन्हात तापतं, पत्रा तर आत भट्टी करतो. तळाला निचऱ्याची चार भोकं, त्यावर सहा-सात सेंटीमीटर लाकडाचा भुगा. आतल्या भिंती रंधून गुळगुळीत करू नका, लिंपण धरत नाही आणि पिल्लाची नखं घसरतात. खिळ्यांऐवजी रुंद पट्टे वापरा आणि दर दोन वर्षांनी सैल करा. तोंडाची दिशा पावसाळी वाऱ्याला पाठ देणारी. पहिल्या वर्षी त्यात सातेरी मधमाश्या, उडती खार किंवा नुसते मुंगळे राहायला येतील. डिसेंबरात साफ करायचं, पण मधमाश्या बसल्या असतील तर त्या घरट्याचा नाद सोडायचा आणि दुसरं टांगायचं.

रोपं

बीजगोळ्यांबद्दल आधी सांगतो, कारण दर जूनला त्यांचे फोटो येतात. धनेशाच्या खाण्याच्या मोठ्या बियांच्या बाबतीत बीजगोळा जवळजवळ वाया जातो. जांभूळ, रानजायफळ यांच्या बिया सुकल्या की मरतात. मातीच्या गोळ्यात घालून उन्हात वाळवणं म्हणजे त्यांना मारण्याची पद्धतशीर तयारी. उरलेल्या उंदीर-वाळवी नेतात. गोळे करायला लागणाऱ्या दिवसात शंभर पिशव्या भरून होतात.

जांभळाचं बी गर धुऊन दहा-पंधरा दिवसांत पेरलं पाहिजे. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, एक ठेवून बाकी काढावेत. रानजायफळाची लाल जाळी काढायची, बी धुऊन सावलीत, ओलसर वाळूत आडवं, दोन सेंटीमीटर खोल. रुजायला महिना ते तीन महिने. वाळू एकदा जरी पूर्ण सुकली तरी गेलं. बी गोळा करायला बांबर्डे-हेवाळ्याच्या दलदलीतल्या रानजायफळांकडे जाऊ नये. ती 2.59 हेक्टरची जागा जैवविविधता वारसा स्थळ आहे आणि तिथलं बी तिथेच पडायला हवं. बेहड्याचा गर काढून चोवीस तास पाण्यात भिजवला की चार-सहा आठवड्यांत येतो. बकुळीचंही असंच. भेरली माडाच्या फळाने हाताला भयंकर खाज येते, रबरी हातमोजे घालूनच चोळावं, आणि रुजण्यासाठी सहा महिने ते वर्ष धीर धरावा. पिशवी मेली समजून रिकामी करण्याची घाई नेहमी याच रोपांना नडते. काजऱ्याच्या बिया विषारी, रोपवाटिकेत शाळेची मुलं येत असतील तर त्या वेगळ्या ठेवाव्यात.

उंबर, वड, नांद्रूक बियांपासून करायचे तर झाडाखाली पडलेली, पक्ष्यांनी चोचलेली पूर्ण पिकलेली फळं घ्यावीत. कुस्करून पाण्यात ढवळा. तरंगेल ते फेका, तळाला बसेल ते घ्या. हे बी मोहरीहून बारीक असतं आणि त्याला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकायचं नाही. विटेचा चुरा आणि कोळशाची भुकटी पसरट कुंडीत भरून त्यावर बारीक वाळूत मिसळलेलं बी शिंपडायचं, वर काच किंवा प्लास्टिक, आणि पाणी वरून न घालता कुंडी थाळीत ठेवून खालून. दोन ते चार आठवड्यांत हिरवी पावडर सांडल्यासारखं दिसतं. इथेच निम्मी मरतात: झारीने पाणी घातलं की बुरशी लागून देठ कुजतात. चार पानं आली की काडीने उचलून पिशवीत. घाई असेल तर वड आणि नांद्रुकाची मनगटाएवढी जाड, दीड-दोन मीटर लांब फांदी जूनच्या पहिल्या पावसात अर्धा मीटर खोल गाडली तरी फुटते. उंबर मात्र बियाचाच बरा.

पिशवी किमान 8 गुणिले 12 इंच हवी. लहान पिशवीत मूळ तळाशी गोल फिरतं आणि ते झाड पाच-सहा वर्षांनी वाऱ्यात उपटतं. दोन वर्षांचं, कमरेएवढं रोप लावा, एक वर्षाचं गुरांच्या तोंडाला सोपं जातं. दीड फुटाचा खड्डा मे मध्ये काढून ठेवायचा, लागवड जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. कातळावर खड्डे मारत बसू नका. कातळाच्या कडेला जिथे माती साचलेली आहे तिथेच रोप टिकतं, आणि सड्याचं स्वतःचं गवत-फुलांचं जग तसंही झाडांनी झाकण्यासारखं नसतं. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी आणि बुंध्याशी दगडांचं किंवा पाल्याचं आच्छादन. ज्यांच्याकडे हे पाणी द्यायला माणूस नाही त्यांनी शंभराऐवजी दहाच रोपं लावावीत.

जागा निवडताना कुंपणाच्या कडा, पऱ्यांचे (ओढ्यांचे) काठ, देवराईची किनार. देवराईच्या आत लावू नका. तिथे झाडं आपली आपण येतात. देवराईला खरा धोका जीर्णोद्धाराचा आहे: मंदिर मोठं करायचं, समोर पेव्हर ब्लॉक टाकायचे, वर गाडीरस्ता आणायचा, आणि त्यासाठी गावकीच्या बैठकीत राईतली दोन-तीन जुनी झाडं 'धोकादायक' ठरवायची. अशा बैठकीला ढोल्यांची यादी घेऊन एखाद्या मानकऱ्याने उभं राहणं बाहेरच्या दहा निसर्गप्रेमींपेक्षा जास्त चालतं. म्हणून यादी करताना गुरव आणि मानकऱ्यांना सोबत घ्या. झाड खरंच वाटेवर झुकलेलं असेल तर वरचा भार हलका करून, ढोलीच्या वर दोन-तीन मीटर खोड ठेवून बाकी छाटता येतं. पूर्ण तोडायची गरज क्वचितच पडते, आणि छाटणी विणीनंतर, पहिल्या मोठ्या पावसाच्या आत करायची.

मे-जूनमध्ये पिल्लू खाली बसलेलं सापडलं की फोन येतात. पंखांची पिसं पूर्ण वाढलेली असतील आणि ते फांदीवर उड्या मारत असेल तर त्याला उचलू नका, पालक जवळ असतात. कुत्रे हाकला आणि लांब व्हा. जखमी असेल किंवा पिसं अर्धवट असतील तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि 1926 ला कळवा. दूध, भात, चोचीत पाणी यांतलं काहीही देऊ नका. चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. खोक्यावर सापडल्याची जागा आणि वेळ लिहून द्या, म्हणजे बरं झाल्यावर त्याला त्याच राईत सोडता येईल.